शेठचा उपास

चंपाषष्ठीच्या दुपारी आमच्या घरात चार माणसं आणि एक कुत्रा असे पाच जण उपाशी बसले होते, आणि मधोमध भरीत गार होत होतं.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, भरीत समोर होतं तर खायचं ना.

आम्ही मखमलाबादचे. गावाला चारी बाजूंनी बिल्डिंगींनी घेरलंय, पण पाटाच्या खालच्या अंगाला आमचा मळा अजून शाबूत आहे. शेवंती, मेथी, कोथिंबीर. घरचा देव खंडोबा. चातुर्मास लागला की आमच्याकडे वांगं, कांदा, लसूण बंद होतं, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला सुटतं. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करायचा, देवाला दाखवायचा आणि मग कुत्र्याला घालायचा, कारण कुत्रं खंडोबाचं जनावर. कुत्र्यानं तोंड लावलं की मग घरच्यांनी जेवायचं. त्याच्या आधी कुणी कणभरसुद्धा खायचं नाही. आणि चंपाषष्ठीच्या आधीचे सगळे दिवस, मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी घट बसल्यापासून, घरातला एक पुरुष उपास धरतो. दिवसभर काही नाही. संध्याकाळी आरती झाली की देवघरात बसून वाटीभर भगर, संपलं.

हा उपास माझ्या जन्माच्या आधीपासून आबांचा. आबा म्हणजे माझे आजोबा, देवराम. पावसाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उपास बंद करून टाकले. तेव्हा बाबा म्हणाले, "यंदापासून मी धरतो."

आबा हसले. छान नाही हसले.

"वाल्मीक, तुझ्याच्यानं नाय व्हायचं. तू तालीम अर्धी सोडली, आयटीआय अर्धं सोडलं. देवाला अर्धं चालत नाय."

बाबा काही बोलले नाहीत. ते तसेही बोलत नाहीत. मीसुद्धा पूर्वी अशीच होते, बरं का. पण पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत सूत्रसंचालन करणारी मुलगी आलीच नाही, आणि मॅडमनी समोर दिसली म्हणून माझ्या हातात माईक दिला. तेव्हापासून जे तोंड उघडलंय ते मिटलेलं नाही. आई म्हणते, "त्या मॅडमला एकदा गाठायचंय मला. माईक दिला तो दिला, परत का नाय घेतला?"

तर असा आमचा एक बोलणारा आणि एक न बोलणारा संसार, आणि त्यात शेठ, आमचा कुत्रा.

शेठ मळ्यात आला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता म्हणे. मी तेव्हा धड चालतही नव्हते. सगळे मेथी उपटत असताना हा मेथीच्या ढिगावर जाऊन पायावर पाय टाकून पडला. आबा म्हणाले, "हे बघा, शेठ आले. करा रे कामं." तेच नाव पडलं. पुढे मात्र त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं. डुकरं हाकलली, चोर हाकलले, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी बिबट्या पाटापर्यंत आला तेव्हा मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर चढून इतका भुंकला की आख्खी वस्ती जागी झाली. बाबा त्याच्याशी जेवढं बोलतात, तेवढं आम्हा तिघांशी मिळून बोलत नाहीत.

घट बसले आणि त्याच दिवसापासून शेठनं खाणं सोडलं.

पहिल्यांदा कुणाच्या फार लक्षात आलं नाही, कारण सगळेच दमलेले होते. मार्गशीर्षात शेवंतीला उसंत नसते. पहाटे उठायचं, थंडीत दव पडलेल्या ओळींतून फुलं तोडायची, ती फुलबाजारात पाठवायची, की दुपारपासून मेथीच्या जुड्या, कारण पालेभाजीचा लिलाव संध्याकाळचा. मी शाळेत जायच्या आधी जुड्या बांधायचे आणि पहिल्या तासाला माझ्या हातांचा वास घेऊन बाकावरची मुलगी म्हणायची, "सुवर्णा, तू आज पण मेथी." आईची बोटं हिरवी ती हिरवीच. बाबा हे सगळं रिकाम्या पोटी करत होते. डोळे आत गेले होते. तिसऱ्या दिवशी पाटाच्या काठावर क्रेट उचलताना त्यांचा तोल गेला, तर ते तिथंच खाली बसले, आणि थोड्या वेळानं काहीच झालं नाही असे उठून पुन्हा कामाला लागले. मी बघितलं. त्यांनी मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहिले, आणि हल्लीच्या माझ्या मानानं हे फार मोठं आहे.

एरवी आई बाबांची न्याहारी आणि जेवण मळ्यात पाठवते. आता बाबांचा डबा बंद, म्हणून ती शेठसाठी दुधात भाकर कुस्करून वेगळी पाठवायची. शेठ हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. दूध तेवढं कधी दोन जिभल्या. मग तेही नाही. पाचव्या दिवशी तो उभा राहताना मागचे पाय थरथरले, तेव्हा बाबा त्याला टेम्पोत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही गेले.

डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावली, रक्त घेतलं. रिपोर्टमध्ये तसं मोठं काही निघालं नाही. ते म्हणाले, "वय झालंय, वाल्मीकभाऊ. या वयात कुत्रं खाणं सोडतं, म्हणजे त्यानं ठरवलेलं असतं. परवा सकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं तर चांगलंच. नाहीतर घेऊन या. उगाच हाल करायचे नाहीत त्याचे."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळला. बाबांनाही कळला. परत येताना ते पुढे बसले नाहीत, मागे शेठजवळ पोत्यावर बसले.

आणि परवाची सकाळ म्हणजे चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

चंपाषष्ठीला मी शाळेला दांडी मारली. पहाटेचं तोडणं झालं, फुलं गेली, बाबा शेठला गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवलं. एरवी या दिवशी शेठ घरी नसतो. तो आणि बाबा मळ्यात असतात आणि इकडे आबा नैवेद्य गल्लीतल्या पहिल्या दिसेल त्या कुत्र्याला घालून मोकळे होतात. या वर्षी सगळं बाबांच्या हातात. त्यांनी आंघोळ केली, तळी भरली, शेजारचे दोन-तीन जण तळी उचलायला आले, येळकोट झाला, भंडारा उधळला. बाबांच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळत होता, एवढ्या थंडीत. पाहुणे आपापल्या नैवेद्याला पळाले. मग बाबांनी पत्रावळीवर रोडगा मोडला, वर भरीत घातलं, कांद्याची पात ठेवली आणि शेठपुढे सरकवली.

शेठनं बघितलं नाही.

"खा रे," बाबा म्हणाले. "आज तुझा मान हाय."

शेठनं पायांवर डोकं ठेवलं.

आम्ही थांबलो. आईनं रोडगा बारीक करून बघितला, तूप घालून बघितलं. मी त्याच्या नाकाला भरीत लावलं तर त्यानं ते चाटलंसुद्धा नाही, नुसता शिंकला. घरात भाजलेल्या वांग्याचा आणि लसणाचा वास भरला होता. चार महिने लसूण न खाल्लेल्या माणसाला विचारा तो वास कसा असतो.

"सुवर्णे," शेवटी आबा म्हणाले, "दुसरं पान घे आणि गल्लीत कुठल्याही कुत्र्याला घाल. देवाला काय, कुत्र्याशी मतलब."

मी पान घेऊन निघाले. आणि इथं आमच्या गावाची गंमत सांगते. आमच्या गल्लीत बहुतेक घरं खंडोबाची. म्हणजे सकाळपासून घराघरातून भरीत-रोडगा बाहेर पडत होता आणि कुत्री तेवढीच. टाकीखालचा भुऱ्या चारी पाय वर करून पडला होता, पोट ढोलकीसारखं. मी पान त्याच्या तोंडाशी नेलं, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पिठाच्या गिरणीपाशी दोन कुत्री होती, मला बघून उठून चालायला लागली. पळायची ताकद नव्हती त्यांच्यात. देवळाच्या मागे मालनकाकू भेटल्या. त्यांच्याही हातात पान.

"तुमचंबी राहिलंय का गं?" त्या म्हणाल्या. "मी अर्धं गाव फिरले. सगळी मेली तुंबलीत. तुमच्या शेठला लाव की इकडं."

"काकू, तो खात असता तर मी कशाला फिरले असते?"

"अगंबाई, खरंच का. आज लय वाईट दिवस आला मग त्या कुत्र्यावर." मग पानाकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि माझ्यावर. सकाळपासून चहावर हाय मी."

मी तसंच पान घेऊन परत आले. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि पोटात काय चाललं होतं ते लिहीत नाही.

"नाय खाल्लं कुणी," मी आबांना सांगितलं.

"खाल्लं असतं तरी मी जेवलो नसतो," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मळा कुणी राखला? त्या भुऱ्यानं? घरचं कुत्रं उपाशी मरतंय आन् मी दुसऱ्याच्या तोंडात घास घालून जेवायला बसू?" एवढं लांब ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. त्यांना धाप लागली. ते भिंतीला टेकले.

"मामंजींची गोळी राहिलीय," आई हळूच म्हणाली. आबांची दुपारची गोळी जेवणानंतरची.

"माझं राहू दे," आबा म्हणाले. "इतकी वर्षं मोडलं नाय. आज मोडू?" हे बोलताना ते बाबांकडे बघत नव्हते, पण ते कुणाला होतं ते सगळ्यांना कळलं.

 आई दाराच्या चौकटीला डोकं लावून बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले. आबा माळ ओढत होते, मध्येच हात थांबायचा. बाबांचा चेहरा पिठासारखा दिसत होता. मी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि तसं बघताना मला दिसलं, की शेठ पानाकडे बघत नाहीये हे खरं, पण तो झोपलेलाही नाहीये. तो बाबांकडे बघतोय.

मी पान उचलून डावीकडे ठेवलं. त्याचे डोळे हलले नाहीत. उजवीकडे ठेवलं. नाही. बाबांनी तोंडावरून हात फिरवला, नुसता घाम पुसला, तर शेठचा कान उभा राहिला आणि पुन्हा पडला.

मला मळ्यातली दुपार आठवली. सुट्टीच्या दिवशी डबा मीच नेते. बाबा हौदाच्या काठावर बसतात, फडकं सोडतात. शेठ दोन हात अंतरावर पाठ करून बसतो, जणू भाकरीचा आणि त्याचा काही संबंध नाही. बाबा पहिला घास खातात, चावतात. ते चावायला लागले की मगच शेठ वळतो. मग एक तुकडा बाबांचा, एक शेठचा. मी रस्त्यात कितीदा त्याला डब्यातला तुकडा टाकून बघितलाय. त्यानं कधी घेतला नाही. मला वाटायचं, माझ्यावर रुसतो.

"बाबा," मी म्हणाले, "तो तुमच्यासाठी थांबलाय."

"काय?"

"तुम्ही खाल्ल्याशिवाय तो खात नाही. कधीच नाही खात. घट बसल्यापासून तुम्ही त्याच्यासमोर एक घास खाल्लेला नाही. भगर खाता ती आत देवघरात, आणि तो मळ्यात. त्याला वाटतंय अजून जेवायची वेळच झाली नाही."

आईनं डोळे उघडले. "काय बोलती ही."

"तो आजारी नाहीये आई. म्हणजे असेल थोडा, म्हातारा आहे. पण तो थांबलाय. आपण म्हणतोय आधी कुत्रा, मग माणूस. तो म्हणतोय आधी बाबा, मग मी. असं संध्याकाळपर्यंत बसलो तरी कुणीच खाणार नाही."

"कुत्र्यानं कुणासाठी उपास धरलेला ऐकलाय का कधी?" आबा म्हणाले. "पोरीला भूक लागली, म्हणून सुचतंय."

"लागलीच आहे भूक," मी म्हणाले. "म्हणून खोटं ठरत नाही ते. बाबा, तुम्ही सांगा. तो तुमच्या आधी खातो कधी?"

बाबा शेठकडे बघत राहिले. "नाय खात," ते म्हणाले. "मी नाय शिकवलं त्याला. त्याचं तोच शिकला." मग, "माझ्या ध्यानात कसं नाय आलं."

"मग खा ना एक घास."

ते हलले नाहीत. त्यांची नजर देवघराकडे गेली नाही, आबांकडे गेली. आणि मला एकदम कळलं की अडलंय कुठं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी शेवटपर्यंत आणलं होतं. एक घास राहिला होता फक्त, तोही कुत्र्याचा. तो आधी स्वतः खाल्ला, की पुन्हा तेच. तालीम अर्धी, आयटीआय अर्धं, उपास अर्धा.

आबांशी असं कुणी बोलत नाही आमच्या घरात. तरी मी बोलले. "आबा, तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही म्हणालात तर ते खातील. उद्या शेठला डॉक्टरकडे न्यायचंय, आणि तिथून तो परत येणार नाही."

आबांनी माळ खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, दमल्यासारखं.

"मी नाय सांगणार," ते म्हणाले. "उपास त्याचा हाय. धरला त्यानं, सोडायचा त्यानं."

ओट्यावर ऊन सरकून शेठच्या अंगावरून गेलं होतं. बाबा भिंत सोडून पुढे सरकले, गुडघ्यांवर, हळूहळू, म्हाताऱ्या माणसासारखे. शेठच्या पानासमोर बसले. त्यांनी त्याच पानातला रोडग्याचा तुकडा मोडला, गार झालेल्या भरतात बुडवला आणि तोंडात घातला.

आईनं पदर तोंडाशी धरला. आबांनी मान वळवली.

रोडगा कडक असतो. बाबांना चावायला वेळ लागला, तोंडाला कोरड होती. तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. शेठनं डोकं उचललं. पुढचे पाय टेकवले, मागचे उचलायला गेला, ते उचलले नाहीत, तर तसाच घसटत पुढे आला आणि बाबांच्या मांडीपाशी थांबला. तरी पानाला तोंड लावलं नाही. बाबांनी तुकडा मोडून तळहातावर धरला. मग त्यानं घेतला. चावला, थोडा सांडला, सांडलेला जिभेनं गोळा केला. बाबांनी दुसरा स्वतः खाल्ला. तिसरा त्याला.

बाबांचे डोळे वाहत होते आणि ते चावत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं मी जिंकल्यावर मला खूप भारी वाटेल, पण मला नुसतं बसावंसं वाटलं. मी बसले.

"कलाबाई," आबा म्हणाले. आईला ते अशीच हाक मारतात. "वाढ आता. कुत्र्यानं खाल्लंय. गोळी घ्यायचीय मला."

आई उठली. आबा बाबांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग जसं काही हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "मी धरायचो तेव्हा घट बसले की मळ्यात जायचो नाय. घरी पडून असायचो. तुझी आई बघायची सगळं."

बाबा वळले नाहीत. पण त्यांचा हात क्षणभर पानावरच थांबला.

आम्ही गार भरीत खाल्लं. लसूण, कांद्याची पात, सगळं होतं, आणि खरं सांगते, चव कुणाच्या लक्षात आली नाही. मालनकाकू डोकावल्या, त्यांना शेठपुढे पान ठेवायचं होतं. आई म्हणाली, "ठेवा, पण आधी आमच्या ह्यांना त्यातला घास खावा लागंल." काकू तिच्याकडे बघतच राहिल्या, मग स्वतःच जाऊन भुऱ्याला उठवते म्हणाल्या.

चार वाजता डॉक्टरांचा फोन आला. बाबा जेवून तिथंच ओट्यावर भिंतीला टेकून झोपले होते, हातसुद्धा धुतला नव्हता. फोन मी घेतला.

"खाल्लं का काही?"

"खाल्लं."

"किती?"

"बाबांएवढं," मी म्हणाले.

 मग म्हणाले, "मग उद्या आणू नका. पण वय झालंय बरं त्याचं, हे लक्षात असू द्या." मी हो म्हणाले. ते आम्हाला माहीत होतं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मेथी अजून मळ्यातच होती. आईनं बाबांच्या अंगावर गोधडी टाकली, डोक्याला फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "चल. ह्यांना नको उठवू आज." माझे पाय नको म्हणत होते, तरी मी चपला घातल्या. आम्ही निघालो तसा शेठनं डोकं वर केलं. मळ्यात जायची वेळ त्याला पाठ आहे. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग झोपलेल्या बाबांकडे, आणि पुन्हा पायांवर डोकं ठेवलं.